ओंडक्याचा पट्टा

ओंडका आमचा चॅम्पियन होता. वजन एकशे चाळीस किलो, चाल म्हशीची आणि डाव एकूण तीन. तो रिंगच्या मधोमध नुसता उभा राहायचा. समोरचा पैलवान येऊन आदळायचा, आपटायचा, दमायचा, आणि मग ओंडका त्याच्या अंगावर पडायचा. पब्लिक वेडं व्हायचं. अर्थात हे कुठे घडत नव्हतं. हे सगळं एका दोनशेपानी वहीत चालायचं, आणि पब्लिक म्हणजे मी, काका आणि मूड असला तर सिस्टर.

काका म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीतले. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दुपारी बारा ते चार आम्ही दोघं डायलिसिसच्या मशीनला बांधलेले असायचो. काकांनी पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. मी एकवीस वर्षं बसमध्ये तिकिटं तपासली. किडन्या गेल्यावर खात्याने मला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसवलं, तिथे मी लोकांच्या छत्र्या सांभाळते. माझ्या भावाने सगळ्या नातेवाइकांसमोर किडनी देतो म्हणून सांगितलं होतं. पुढे ती किडनी वहिनीच्या नावावर निघाली, तिने देऊ दिली नाही. तेव्हापासून मी कुणाच्या शब्दावर जात नाही, आणि खुर्चीत पहिले तीन महिने मी कुणाशी धड बोललेही नव्हते.

बोलले तेही चिडूनच. दर बुधवारी दुपारी भिंतीवरच्या टीव्हीवर कुस्तीचा कार्यक्रम लागायचा, म्हणजे ती नाटकी कुस्ती, झगमगीत चड्ड्या, धूर, आणि कोण जिंकणार ते आधीच ठरलेलं. एका बुधवारी त्यांनी चांगल्या जमलेल्या चॅम्पियनचा पट्टा अकरा मिनिटांत कुणा नवख्याच्या कमरेला बांधला. मागे ना भांडण, ना वैर. मी म्हटलं, हे लिहिणाऱ्याला पुढच्या स्टॉपला उतरवलं पाहिजे. शेजारून आवाज आला, "लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच थांबवली त्यांनी."

पट्टा बदलणं म्हणजे लिफ्ट मजल्याला लावणं, असं त्यांचं म्हणणं होतं. बोटभरसुद्धा पायरी राहता कामा नये, नाहीतर बाहेर पडणारा माणूस अडखळतो. मी विचारलं, तुम्ही कसं केलं असतं? त्यांनी सांगायला सुरुवात केली ती चार वाजले तरी संपली नव्हती. दोघांच्या हातांतल्या सुया निघाल्या, दाबून धरलेल्या कापसाखाली रक्त थांबलं, तरी आम्ही बोलतच होतो. पुढच्या खेपेला काका नवी कोरी वही घेऊन आले.

पहिल्या पानावर आमच्या कुस्ती कंपनीचे नियम होते. कुणी खोडी केली की तो बाद, पण नुसत्या बाद होण्याने पट्टा हलत नाही, तो चॅम्पियनकडेच राहतो. हा नियम टीव्हीवरही आहे. दुसरा नियमही कुस्तीवाल्यांचाच: जो कंपनी सोडून जाणार त्याने जाण्याआधी राहणाऱ्याकडून हरायचं, आणि सरळ, पाठीवर पडून हरायचं. पट्टा बॅगेत घालून निघून जाणाऱ्या माणसाबद्दल बोलताना काकांचा आवाज चढायचा. मागे राहिलेल्यांनी मग कशासाठी खेळायचं, म्हणायचे. तिसरा नियम त्यांचा स्वतःचा होता. हार ज्याची, त्यानेच लिहायची. आपल्या पैलवानाचा विजय आपण लिहायचा नाही.

या नियमाने आमच्यातली निम्मी भांडणं मिटली आणि उरलेली निम्मी गोड झाली. काकांच्या उजव्या हातात सुया असायच्या, म्हणून ते डाव्या हाताने लिहायचे. त्यांच्या पैलवानांच्या सगळ्या हारी वाकड्यातिकड्या, पोराने गिरवल्यासारख्या अक्षरांत आहेत. माझ्या सुया डाव्या हातात, त्यामुळे माझ्या हारी सुवाच्य.

आणि माझ्या पुष्कळ होत्या. माझी पैलवान होती भिंगरी, वजन बावन्न किलो. मी तिचं नाव सांगितलं तेव्हा काका खो खो हसले, मग थांबले आणि म्हणाले की बावन्न किलोची बाई ओंडक्याला पाडते हे पब्लिकला पटवायचं तर दोन वर्षं लागतील. मी म्हटलं, मला कुठे जायचंय?

म्हणून भिंगरी हरत गेली. आधी ऐऱ्यागैऱ्यांकडून, मग बऱ्यापैकी पैलवानांकडून. आठव्या महिन्यात काकांनी त्यांच्या एका फुटकळ गड्याची हार लिहून तिला पहिला विजय दिला. ओंडक्यासमोर ती पहिल्यांदा चाळीस सेकंद टिकली. दुसऱ्यांदा चार मिनिटं. तिसऱ्यांदा काकांनी डाव्या हाताने लिहिलं, "ओंडक्याचा एक गुडघा टेकला," आणि मी इतकी हरखले की मशीन ओरडायला लागलं, कारण मी हात हलवला होता. सिस्टरने दोघांना झापलं.

शेवट कसा करायचा हेही काकांचं ठरलेलं होतं. पिन म्हणजे पाठ टेकवून धरायची, रेफ्रीने तीन मोजले की हार. चॅम्पियन पहिल्या पिनला जात नाही, म्हणायचे. रेफ्रीने एक म्हणायचं, दोन म्हणायचं, आणि दोनला चॅम्पियनने खांदा उचलायचाच. लोकांना वाटलं पाहिजे की गेला, आणि तो जात नाही. त्यानंतर जेव्हा जातो तेव्हा ते खरं असतं.

अशी पावणेदोन वर्षं गेली. मधे काकांच्या पायाचं एक बोट काढलं. हृदय दुबळं झालंय म्हणून मशीन हळू लावायला लागले. मी हे पाहत होते, पण खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाचं काही ना काही चालूच असतं, आणि पायाबद्दल विचारलं की काका ओंडक्याबद्दल बोलायचे.

मग एका सोमवारी, सुया टोचून झाल्यावर, ते म्हणाले, "ओंडका कंपनी सोडतोय."

मी इतकी खूश झाले की आता आठवलं तरी लाज वाटते. म्हणजे पट्टा माझाच! कंपनी सोडणारा हरून जातो, आणि राहणारी मीच. मी विचारलं, कुठे चाललाय तो? काका म्हणाले, घरी. मला ते भारी वाटलं. दुसऱ्या कंपनीत नाही, भांडून नाही, थकून घरी. पब्लिक रडेल, मी म्हटलं. काका म्हणाले, बघू. शुक्रवारी मॅच ठरली. मी घरी जाऊन धाकट्या बहिणीला अथपासून इतिपर्यंत सगळं ऐकवलं. तिला कुस्तीतलं ओ की ठो कळत नाही, तीसुद्धा म्हणाली, छान झालं गं.

बुधवारी वजनकाट्याजवळ काकांची मुलगी डॉक्टरांशी बोलत उभी होती. एरवी ती काकांना सोडून लगेच कामावर पळायची. औषधांच्या दुकानात होती. आज तिच्या हातात एक कागद होता आणि तो तिने उलटा धरला होता. डॉक्टर म्हणाले, मशीन थांबवल्यावर आठवडा, फार तर दहा दिवस. पुन्हा विचार करायला सांगा त्यांना. माझ्या हातात तोवर सुई गेली होती. मला उठता येत नव्हतं.

एकवीस वर्षं मी माणसांचे चेहरे बघून ओळखलंय, कोण पुढच्या स्टॉपला उतरणार. आणि हे शेजारी बसून सांगत होते की मी उतरतोय, तर मी टाळ्या वाजवल्या.

काका आले, बसले. मी तोंड फिरवून घेतलं. त्यांनी आपणहून सांगितलं. प्रत्येक खेपेनंतरचा अख्खा दिवस अंथरुणात जातो, तिसऱ्या दिवशी पुन्हा इथे. आता डॉक्टर पाऊल कापायचं म्हणतात. जगायचं म्हणून मशीनवर यायचो, आता मशीनवर येण्यापुरतंच जगतोय, ते त्यांना नको होतं. डॉक्टरांना आणि मुलीला त्यांनी सांगितलं होतं की एक काम अर्धवट आहे, तेवढं झालं की थांबवायचं. ते काम म्हणजे ही वही. तेव्हा मला कळलं की मॅच होत नाही तोवर काका येत राहणार.

शुक्रवारी त्यांनी मॅच लिहून आणली होती. फार सुरेख लिहिली होती, घरी बसून, उजव्या हाताने. ओंडका रिंगमध्ये येतो आणि पहिल्यांदाच पब्लिककडे बघतो, इथपासून सगळं होतं. फक्त शेवटच्या चार ओळी लिहायच्या होत्या. बघू तरी, म्हणून मी वही मागून घेतली आणि पेन काढून लिहिलं, "भिंगरीने रेफ्रीच्या पाठीत खुर्ची घातली. भिंगरी बाद."

माझी हार होती, मी लिहिली. नियमात बसत होतं. पट्टा ओंडक्याकडेच.

काकांनी चष्मा लावून वाचलं. हे काय, विचारलं. मी म्हटलं, तापट आहे ती. ते हसले आणि म्हणाले, मग सोमवारी पुन्हा. सोमवारी भिंगरी पब्लिकमध्ये पळत गेली आणि रेफ्रीने दहा मोजले तरी परतली नाही. बुधवारी तिच्या बहिणीने येऊन ओंडक्याच्या डोळ्यांत भुकटी फेकली. भिंगरी बाद, भिंगरी बाद. काका आता हसत नव्हते. पण त्यांची मुलगी वजनकाट्यापाशी मला गाठून म्हणाली, अजून थोडं लांबवता येईल का बघा. तिचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, मी बरोबरच करतेय. हट्टी म्हाताऱ्याला दोन बायकांनी मिळून धरून ठेवलंय, बिघडलं कुठे?

त्या शुक्रवारी दुसऱ्या तासाला काकांचं प्रेशर खाली गेलं. आधी जांभया आल्या, मग पायात गोळे, आणि काका ओरडले. मी गोळे अनुभवलेत, पण मी कधी तशी ओरडले नाही, आणि काका तर कधी हूं की चूं करत नसत. सिस्टर धावली, खुर्ची आडवी केली, पाय वर घेतले. ते उलटी करताना माझ्याकडे बघत होते. मला त्यांच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. चार फुटांवर होते. पायाची पट्टी सुटली आणि मी पाहायला नको होतं ते पाहिलं.

अर्ध्या तासाने ते शांत झाले. चेहरा राखेसारखा. हात पुढे करून म्हणाले, "आज मला लिहू दे."

वही माझ्या मांडीवर होती. मी तोवर त्या दिवसाचं लिहून ठेवलं होतं. वाच म्हणाले, तर मी वाचलं: भिंगरी रिंगमध्ये आलीच नाही.

काकांनी हात मागे घेतला नाही.

"पब्लिक कंटाळलंय, बाई."

"कंटाळू दे."

"तू मला पट्टा बॅगेत घालून पाठवतेयस."

"मग जाऊ नका ना," मी म्हटलं. फार मोठ्याने म्हटलं असावं, समोरच्या दोन्ही खुर्च्यांतल्यांनी मान वर केली.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले असते, मला ते जमतं. ते म्हणाले, "जायचं तर ठरलंय. हरून जायचं की नुसतंच जायचं, एवढंच तुझ्या हातात आहे."

त्यांचा डावा हात अजून पुढेच होता. माझ्या खुर्चीपर्यंत पोचत नव्हता. वही उचलून त्या हातात ठेवायची, एवढंच करायचं होतं. मी ती दिली नाही. चार वाजता पिशवीत घातली आणि निघाले.

सोमवारी सिस्टर त्यांच्या खुर्चीवरची चादर बदलत होती. काकांनी फोन करवून बंद म्हणून कळवलं होतं. बुधवारी तिथे एक नवे गृहस्थ आले, त्यांनी टीव्हीवर बातम्या लावायला सांगितल्या, आणि कुस्ती लागली नाही. मी चार तास पिशवीतल्या वहीचा विचार करत होते. मी त्यांना थांबवू शकले नव्हते, ते कुणालाच जमलं नसतं. मी फक्त त्यांचं हरणं अडवलं होतं. त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाची लिफ्ट अर्धवट सोडली नसेल, आणि मी त्यांना दोन मजल्यांच्या मध्ये टांगून आले होते.

गुरुवारी रजा टाकून मी पत्ता शोधत गेले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. मी प्रत्येक वळणावर बसत बसत चढले. दार मुलीने उघडलं. मला वाटलं होतं ती दारातूनच परत पाठवेल, पण ती बाजूला झाली. म्हणाली, लांबवा असं मीच म्हटलं होतं ना तुम्हाला. मग म्हणाली, कालपासून बोलत नाहीत, पण ऐकू येतं त्यांना, मला तरी तसं वाटतं.

खोली लहान होती. खिडकीशी पलंग, स्टुलावर पाण्याचा पेला आणि कापूस, भिंतीवरच्या फळीवर काकांच्या नोकरीतली हत्यारांची पेटी नीट ठेवलेली. काका उताणे झोपले होते. चेहरा सुजून गुळगुळीत झाला होता, जणू वय उतरलं होतं. श्वास मोठा होता. थांबायचा, आणि पुन्हा लागायचा.

मी स्टूल ओढून बसले. काका, चुकलं माझं, एवढं म्हटलं, आणि पुढे बोलता येईना म्हणून वही उघडली.

त्यांची मॅच मी त्यांना वाचून दाखवली, पहिल्यापासून. खुर्ची, भुकटी, सगळं गाळून. ओंडका येतो, पहिल्यांदाच पब्लिककडे बघतो. भिंगरी तीनदा आदळते, तीनदा पडते. मग तो गुडघा टेकतो, मग दुसरा. एवढा मोठा माणूस दोन्ही गुडघ्यांवर, आणि पब्लिकमध्ये कुणी शिटीसुद्धा वाजवत नाही. ती कोपऱ्यातल्या खांबावर चढते, गरकन फिरून अंगावर येते, ओंडका पाठीवर पडतो. लिहिलेलं इथे संपत होतं. पुढची ओळ त्यांची होती. मला ती लिहिता येत नव्हती, मी तिथे फक्त रेफ्री होते.

मी वही खाली ठेवली. त्यांच्या खांद्याशेजारी गादीवर हात आपटला आणि म्हटलं, एक. पुन्हा आपटला. दोन.

काकांचा उजवा खांदा उचलला गेला.

फार नाही, दोन बोटं. उशीवरून उठला आणि परत खाली गेला. मुलगी दारातून पुढे आली, बाबा म्हणाली. मला वाटलं, हे तर सोडायला तयार नाहीत, इतकं सगळं होऊन हे हरायला तयार नाहीत, आता मी काय करू. मग मला आठवलं. पहिल्या पिनला चॅम्पियन जात नाही. दोनला खांदा उचलायचाच. लोकांना वाटलं पाहिजे.

मी हसले. तसल्या खोलीत मी खुदकन हसले, आणि मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मग मला रडू आलं, पण मॅच चालू होती. भिंगरी पुन्हा चढतेय, मी सांगितलं. पाय थरथरतोय तिचा, तिला नको झालंय हे, पण चढतेय. फिरली. पडली अंगावर.

एक, मी म्हटलं, आणि गादीवर हात आपटला.

दोन.

मी थांबले. कुठलाही रेफ्री थांबणार नाही इतकी थांबले. त्यांना हवा तेवढा वेळ दिला. श्वास गेला, थांबला, पुन्हा लागला. खांदा जिथे होता तिथेच राहिला.

तीन मी अगदी हळू म्हटलं.

मुलीने विचारलं, काय झालं? मी सांगितलं, तुमचे बाबा हरले, सरळ हरले. ती पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, बरं झालं, बाबा. मग मला विचारलं, आता पट्टा कुणाकडे?

माझ्याकडे, मी म्हटलं. दोन वर्षं मागितला होता, आणि आता तो घेऊन मला उद्या बारा वाजता खुर्चीत जाऊन बसायचं होतं.